खालच्या मजल्याची चौकशी

९ जानेवारी २०२५

आज दुपारी एक मुलगी आली. तिशीच्या आतबाहेरची, पायात बूट, पाठीला सॅक, हातात हेल्मेट. मला वाटलं कुरिअरवाली. दारातूनच म्हणाली, "मी क्रांती सावंत. इंजिनीअर आहे. जुनी घरं भूकंपात कितपत टिकतील ते बघून मालकांना सांगायचं, मजबुती करायची की नाही ते ठरवायला मदत करायची, असं आमच्या संस्थेचं काम आहे. तुमच्या इमारतीबद्दल आमच्याकडं फोन आला होता. तुमची परवानगी असेल तर बघते."

"फोन कुणाचा?"

"नाव सांगू नका म्हणालेत."

"फी किती?"

"काही नाही."

नाव नाही आणि फी नाही. मी सांगलीच्या कोर्टात आयुष्यभर लघुलेखिका होते. साक्षीदारांच्या तोंडचा शब्द न् शब्द या बोटांनी उतरवला आहे. कोण खरं बोलतंय हे न्यायाधीशांच्या आधी मला कळायचं, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. नाव लपवणाऱ्याच्या पाठीमागे कायम दुसरंच कुणीतरी उभं असतं.

तिला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं. जाताना ती खाली पार्किंगमध्ये थांबली आणि मान वर करून छताकडे बघत राहिली. मी गॅलरीतून नजर ठेवून होते. फोटो काढला असता तर तिथल्या तिथे हटकलं असतं. पण काढला नाही. हुशार आहे.

संध्याकाळी आप्पासो भावजी आले. आमचं घर यांनीच बांधलं. कंत्राटदार कसले, आमच्या ह्यांचे पाठीला पाठ लावून आलेले भाऊच म्हणायचे. आमचे हे गेल्यापासून भावजींची दर रविवारी चक्कर असते. आज गुरुवार, तरी आले. "सहज आलो, वैनी." मी त्या मुलीचं सांगितलं तर चहाचा कप खाली ठेवून दिला.

"काय म्हणत हुती? खांब बघितलं का तिनं?"

"बघू दिलं तर ना."

"मग? परत येणार हाय का?"

दोनदा तेच विचारलं. माझी इतकी काळजी करणारं हे एकच माणूस उरलं आहे.

१२ जानेवारी

फोन कुणी केला असेल याचा शांतपणे विचार केला.

पहिला संशय दिग्विजयवर. ह्यांचा पुतण्या, फलटणला असतो, जमिनीच्या खरेदी-विक्रीत दलाली करतो. ह्यांच्या तेराव्याला पत्रावळीवरून उठता उठता मला म्हणाला होता, "काकी, एवढ्या घरात एकट्या कशा राहणार?" तेव्हापासून त्याला मी ओळखून आहे. इमारत धोकादायक ठरली की मातीमोल किमतीला पदरात पडते.

दुसरे, पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू. साईराज मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानी हिशेब लिहितो. त्याची बायको सृष्टी शिराळ्याकडची, आता पाचवा महिना लागला आहे. पोरगी गोड आहे, वर वाटी घेऊन येते, माझ्या गुडघ्याला तेल लावून देते. पण गोड माणसांच्या साक्षी मी फार ऐकल्या आहेत. घराला धोका आहे असं कुणाकडून लिहून आलं की भाडं वाढवायची माझी सोय संपली.

भावजींना दोन्ही नावं सांगितली. ते खाली बघत म्हणाले, "सोडा वं वैनी. कुणी का केला आसंना. बघू द्या की तिला एकदा." किती साधे आहेत. जगात कुणी वाईट असतं हे त्यांच्या मनालाच शिवत नाही.

१८ जानेवारी

मुलीला मीच बोलावलं. बाहेर ठेवून तिचा डाव कळणार नाही, आत घेऊन कळेल.

पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले आणि तिला तिचं काम करू दिलं. खालचा मजला म्हणजे ह्यांची मोठी कमाई. पूर्वी इथे ह्यांचं पंप दुरुस्तीचं दुकान आणि मागे गोदाम होतं. २००५ च्या पुरात पंख्यापर्यंत पाणी आलं. मोटारी, तांब्याची तार, सगळं चिखलात गेलं. पाणी ओसरल्यावर ह्यांनी दुकान माधवनगर रस्त्याला नेलं आणि इथल्या सगळ्या भिंती पाडून टाकल्या. नुसते खांब ठेवले. "आता नदीला यायचं तर खालून येऊ दे, खालून जाऊ दे," म्हणाले. २०१९ ला कर्नाळ रोडवर होड्या फिरत होत्या तेव्हा आमच्या घराखालून पाणी सरळ निघून गेलं. आमचं काही बुडालं नाही. गल्लीतली सगळी माणसं आमच्या वरच्या मजल्यावर होती, आणि जो तो ह्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक करत होता.

ती मुलगी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मापं घेत होती. एक हातोड्यासारखं यंत्र खांबाला टेकवून टक टक करत होती. मग बीमच्या खालच्या अंगाला बोट फिरवून म्हणाली, "काकू, इथं पूर्वी भिंती होत्या का?"

मी म्हणाले, "आठवत नाही."

कोर्टात हे उत्तर मी किती वेळा टाइप केलं असेल. दर वेळी मनात म्हणायचे, आठवतंय, चांगलं आठवतंय तुला. आज माझ्याच तोंडातून निघालं. पण तिला कशाला सांगायचं? ह्यांच्या कामात खोट काढायला आलेल्या बाईला मीच पुरावा देऊ?

तिनं ते वहीत लिहिलं आणि मला समजावू लागली. वरच्या दोन मजल्यांना भिंती आहेत म्हणून ते ताठ आहेत. खाली नुसते खांब. जमीन हलली की वरचा डोलारा एकसंध राहतो आणि सगळा हिसका खालच्या खांबांवर येतो. "कोयना, वारणा, दोन्हीकडं जमीन हलते. इथं मोठा धक्का बसेलच असं मी म्हणत नाही. बसला तर घर वरून नाही, इथून जाईल."

मी उलटतपासणी सुरू केली.

"मग काय करायला सांगतेस? पाडायला?"

"मी काही करायला सांगत नाही. आधी एका खांबाचं प्लॅस्टर काढून आतली सळई बघावी लागेल. मग दोन-तीन वाटा दाखवीन."

"काम कोण करणार? तुझा कंत्राटदार?"

"तुम्ही आणाल तो."

"आणि मी काहीच केलं नाही तर?"

"तर ते पण तुम्हीच ठरवलेलं असेल. फक्त माहीत असून ठरवा, एवढंच."

विकायला आलेला माणूस घाई करतो. ही अजिबात घाई करत नाही. म्हणजे डाव मोठा आहे. प्लॅस्टरला हात लावायचा नाही, असं सांगून पाठवून दिलं. जाताना म्हणाली, मी कुंडलची आहे, वडील साखर कारखान्यात फिटर होते. मी विचारलं नव्हतं. न विचारता माहिती देणारा साक्षीदार पढवलेला असतो.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पोहे परतत होते. आधी वाटलं मोठा ट्रक गेला. मग मांडणीवरचे डबे वाजायला लागले, देवघरातली घंटा आपोआप किणकिणली. काही क्षणच. पण पायाखालची फरशी आपली नाही असं वाटलं.

जिना कसा उतरले ते कळलं नाही. खाली येऊन बघते तर गल्लीतली माणसं धावत आमच्याच पार्किंगमध्ये शिरलेली. पुरात याच घरानं सांभाळलं ना! ह्यांची आठवण येऊन मला भरून आलं.

एकटी सृष्टी तिथे नव्हती. ती पोटाला हात लावून पार रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि ओरडत होती, "भाईर या सगळी! खांबाखाली थांबू नगा! काकू, आवं भाईर या!"

काही बायका हसल्या. मीही गेले नाही. साईराज तेवढा तिच्याकडे पळाला.

नंतर तिला विचारलं, "तुला कसं गं माहीत बाहेर थांबायचं?" म्हणाली, "आमच्याकडं वारणेच्या अंगाला सारखं हालतंय, काकू. ल्हानपणापासनं सवय हाय. हाललं की मोकळ्यावर."

उत्तर तयारच होतं. अडखळली नाही की डोळे चुकवले नाहीत. सगळी गल्ली आत उभी आणि ही एकटी बाहेर, म्हणजे खांबांचं हिला आधीपासून माहीत होतं. इंजिनीअरबाईचं माझ्याशी बोलण्याआधीच हिच्याशी बोलणं झालेलं आहे.

मोबाइलवर वर्तमानपत्राची बातमी आली, केंद्र वारणेच्या खोऱ्यात, धक्का सौम्य, कुठे काही पडझड नाही. दिग्विजयचा फोन आला, "काकी, घाबरलाय का? चार दिवस फलटणला या की." मी म्हटलं घर शाबूत आहे. चार दिवसांत कुलूप बदलायला वेळ पुरतो.

आप्पासो भावजी स्कूटर आडवीच टाकून धावत आले. मला "बरं हाय का" विचारायच्या आधी प्रत्येक खांबाला हात लावून आले. वाकून बुडखे बघितले, बोटानं कोपरे चाचपले.  किती जीव आहे त्यांचा या घरावर!

५ फेब्रुवारी

साईराजला वर बोलावून महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितलं.

तो उभाच राहिला. "काकू, काय चुकलं आमचं?"

"मला जागा लागणार आहे."

"तिला पाचवा चाललाय. एवढ्यात कुठं शोधू? पाडव्यापर्यंत तरी..."

"महिना पुष्कळ झाला."

फोनचं बोलले नाही. आरोप करायला पुरावा लागतो, जागा रिकामी करायला लागत नाही. तो गेल्यावर खालून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. भांडण नव्हतं. ती रडत असावी. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

११ फेब्रुवारी

सृष्टी आली नाही वर. गुडघा दुखतो आहे.

२८ फेब्रुवारी

गेले. छोटा टेम्पो पुरला. सृष्टीनं किल्ली माझ्या हातात दिली, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली, "काकू, रात्रीचं गॅस बंद केला का ते बघत जावा. दोनदा मी वर येऊन बंद केलाय, तुमाला सांगितलं नव्हतं."

याचा अर्थ काय? मी विसरभोळी झाले आहे असं सुचवायचं होतं का?

२ मार्च

रविवार, भावजी आले. जिना चढता चढता पहिल्या मजल्यावरचं कुलूप बघून थांबले.

"ही कुठं गेली?"

"काढलं त्यांना. फोन करणारे तेच. मी ओळखलं."

भावजी तिथेच पायरीवर बसले. वयाच्या मानानं तब्येत खणखणीत, तरी जिन्यानं दमले असतील असं मला वाटलं. मी पाणी आणायला वळले तर म्हणाले, "नगो पाणी. वैनी, फोन मी केलता."

मी म्हटलं, "काय?"

"फोन मी केलता. त्या पोरांचा काय संबंध न्हाई."

मग सगळं बोलले, मध्ये न थांबता. गेल्या दिवाळीनंतर कंत्राटदारांची एक सभा झाली, तिथे क्रांतीनं पडलेल्या इमारतींचे फोटो दाखवले. वरचे मजले अख्खेच्या अख्खे जमिनीवर बसलेले, खालचा मजलाच नाहीसा. "पयला फोटू बघितला आन् मला तुमचं घरच दिसाय लागलं. घाम फुटला. भिंती मीच पाडल्यात न्हवं? दादांनी सांगितलं, मी म्हणालो दादा, जरा कुणाला तरी दाखवूया. ते म्हणले, पाण्यानं माझं समदं न्हेलंय, आता कुणाला दाखवू नगो, पाड. मी पाडल्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? दादांचं नाव काडलं की तुमच्या डोळ्यात पाणी. त्येंनी केल्यालं चुकलं म्हणून मी तुमच्या तोंडावर सांगू? म्हणलं, परक्या माणसानं सांगितलं तर ऐकतीला."

"आणि मी दिग्विजयला, त्या पोरीला नावं ठेवत होते, तेव्हा समोर बसून चहा पीत होता तुम्ही."

 मी आत गेले आणि दार लावून घेतलं. ते बऱ्याच वेळानं उतरले असावेत.

६ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. आमचे हे विचार न करता असं काही करणारे नव्हते. भावजींनीच त्या वेळी नीट समजावून सांगितलं नसणार. मोघम बोलायची सवय आहेच त्यांना.

भावजींचे दोन फोन आले. उचलले नाहीत.

खालच्या खोल्या रिकाम्या आहेत. फोडणीचा वास येत नाही.

९ मार्च

क्रांतीला फोन केला. "भिंती होत्या. २००५ ला पाडल्या. त्या दिवशी मला आठवत होतं." ती एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. कधी येऊ?"

११ मार्च

क्रांतीनं कोपऱ्यातला एक खांब पायाशी उघडला. छिन्नीनं प्लॅस्टर काढलं, मग थोडं काँक्रीट. भावजींनाही तिनं बोलावलं होतं, बांधणारा माणूस समोर हवा म्हणून. ते फाटकाशी उभे होते. मी या म्हणाले नाही, जा म्हणाले नाही.

मी तयारीत होते. सळई कमी निघणार, भावजींनी लोखंड खाल्लेलं असणार, असं मनाशी धरून बसले होते. उभ्या सळया पुरेशा निघाल्या. त्यांना बांधणाऱ्या आडव्या रिंगा मात्र फार लांब लांब होत्या. एकीपासून दुसरी हाताची वीत सोडून.

मी लगेच विचारलं, "म्हणजे यात लबाडी झाली?"

क्रांती म्हणाली, "नाही. त्या काळात इथं सगळेच असं बांधत होते. घर उभं राहायला एवढं पुरतं. हलायला पुरत नाही."

भावजींनी चष्मा काढून पुसला. मला थोडी निराशाच वाटली, हे लिहून ठेवते.

मग तिनं वाटा सांगितल्या. काहीच न करणं. पाडून नवं बांधणं. किंवा खालच्या खांबांभोवती नवी सळई आणि काँक्रीट घालून त्यांना जाड करणं, आणि काही खांबांच्या मधे पक्क्या भिंती उभ्या करणं. भिंत म्हटल्याबरोबर मी तिला अडवलं.

"आणि पूर आला की? पाणी अडलं तर त्या भिंतींसकट घर जाईल. तू कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी उभं राहून पाणी चढताना बघितलंयस का कधी?"

मला वाटलं इथे ती सापडली. ती वहीचं पान उलटून माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि चित्र काढू लागली. भिंती पाण्याच्या वाहण्याच्या दिशेनं लांब ठेवायच्या, म्हणजे पाणी दोन भिंतींमधून निघून जाईल. आडव्या दिशेला भिंत घालायचीच नाही, तिकडचा भार जाड केलेल्या खांबांनी घ्यायचा. "इथं नदीचं पण ऐकायचं आणि जमिनीचं पण. काकांनी एकीचं ऐकलं. त्यांना तीच दिसली होती."

असं वाक्य मी एवढ्या वर्षांत कुठल्या वकिलाच्या तोंडून ऐकलं नाही. आरोप ठेवला पण माणूस सोडवला. कुठल्या बाजूची आहे ही?

"तुझं मत काय?" मी विचारलं.

"निकाल तुमचा. मी साक्षीदार."

१५ मार्च

ठरवलं. मजबुती करायची. ह्यांच्या नावची ठेव मोडली. पावसाळ्याच्या आत पुरं व्हायला हवं. काम भावजींनीच करायचं आणि क्रांतीनं दर टप्प्याला येऊन बघायचं, अशी अट घातली. भावजी "व्हय" म्हणाले. त्यांच्याशी मी कामापुरतंच बोलते.

दिग्विजयनं स्वतःहून फोन करून विचारलं, "काकी, मजूर लागले तर पाठवू का?" त्याला कुणी कळवलं कोण जाणे. लक्ष ठेवलं पाहिजे.

६ एप्रिल

आज बुधगावला सृष्टीकडे गेले. पत्ता हळदीच्या अडतीतून मिळवला. रिक्षात बसल्यावर पिशवीतल्या डाळिंबांवर हात ठेवून एकच वाक्य घोकत होते.

दार साईराजनं उघडलं. मला बघून बाजूला झाला, चप्पल घालून बाहेर निघून गेला. सृष्टी पलंगावर बसून गहू निवडत होती. पोट चांगलं दिसायला लागलं आहे.

मी उभ्या उभ्याच म्हणाले, "माझी चूक झाली. एका फोनवरून तुमच्यावर संशय घेतला. तो फोन तुम्ही केला नव्हता."

"कसला फोन?"

तिला काहीच माहीत नव्हतं. कशासाठी घर सोडलं हेही माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि गहू निवडत होती. शेवटी म्हणाली, "आमाला वाटलं, भाड्याला दोन दिस उशीर झाला म्हणून."

मी म्हणाले, काम चालू आहे, दोन महिन्यांत घर पक्कं होईल, परत या. भाडं वाढवणार नाही.

"न्हाई काकू." रागानं नाही, सरळ म्हणाली. "ह्यांच्या मनातनं उतरलंय. मी बी परत कुणी जा म्हणायची वाट बघत न्हाई राहू शकत."

 तिनं चहा ठेवला. चहा पिताना तिची नजर सारखी खिडकीतून खाली जात होती. मग म्हणाली, "काकू, एक इचारू? हितं खाली बी नुसतं खांबच हायती. मालकांचा ट्रॅक्टर असतो तिथं. तुमच्याकडं बघितल्यापासनं माजं तिकडंच ध्यान जातंय. पंधरा दिसांनी मी माहेरला जाणार, पर हे हितंच राहणार. मी मालकांना बोलले तर म्हणले, भाडं कमी करून पायजे का? तुमी सांगाल का त्येस्नी?"

"मी? मला कशाला ऐकतील ते?"

"मला तर न्हाईच ऐकत," ती म्हणाली.

१२ एप्रिल

सकाळी भावजींनी वर येऊन सांगितलं, दर्शनी दोन खांबांची सळई बांधून झाली, क्रांतीनं रात्री फोटो बघून हो म्हटलं आहे, आता ती येऊन प्रत्यक्ष बघून गेली की उद्या काँक्रीट. मी विचारलं, "काँक्रीट पडल्यावर आतलं काही दिसेल?" ते म्हणाले, "मग कुटलं दिसतंय?"

मी साडी बदलली आणि रिक्षा करून बुधगावला गेले.

सृष्टीचे घरमालक नाथाजी शेडगे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त. अंगणात खुर्चीवर दाढी करत बसले होते, समोर स्टुलावर आरसा. मी नाव सांगितलं, कोर्टातली नोकरी सांगितली, आणि कशासाठी आले ते सांगितलं. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्या पोरीची वकिली करायला आला."

"नाही."

"मग कंपनीचं काम करता? परसेंटेज असतं म्हणं यात."

"मला काही मिळत नाही."

"फुकट कोण करतंय आजकाल, मॅडम?" असं म्हणून वस्तरा पाण्यात झटकला. माझं डोकं फिरलं. मी खरं बोलते आहे हे या माणसाला दिसत नाही? चांगल्या घरची, पेन्शनर बाई मी, उन्हातून आले. नुसतं तोंड बघून कळायला हवं. पण तो माझ्या पिशवीकडे बघत होता, आत कागद आहेत का, सही घ्यायला आले का.

समजावून सांगितलं, ताठ मजले, मोकळे खांब, सगळं जसं क्रांतीनं सांगितलं तसं. तिच्या तोंडी ते किती सोपं वाटतं! माझ्या तोंडी आल्यावर मलाच ते विकायला काढल्यासारखं ऐकू येत होतं. ते "बरं, बरं" म्हणत होते. हा "बरं" मला ओळखीचा आहे. आता उठून आत जाणार आणि चहा सांगणार, मग विषय संपला.

तेव्हा मी म्हणाले, "हवालदारसाहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमची गाडी काढा. माझ्या घराचे खांब आज उघडे आहेत. जुनी सळई आणि नवी सळई, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. उद्या काँक्रीट पडलं की कुणालाच काही दिसणार नाही. बघून आलात आणि पटलं नाही तर मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही."

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. एका गालावर साबण तसाच राहिला.  मग घरात ओरडून सांगितलं, "मी जरा सांगलीला जाऊन येतो," आणि स्कूटर काढली.

आयुष्यात परक्या माणसाच्या स्कूटरवर बसले नव्हते. मागच्या दांडीला धरून बसले. वाटेत ते मान वळवून वळवून विचारत होते. तुमच्या इंजिनीअरबाईचं शिक्षण किती? कंत्राटदार तुमचा कोण लागतो? घरातली माणसं राहतात कुठं कामाच्या वेळी? खर्च वाढवत नेतात का मधनं? मी वाऱ्यात ओरडून उत्तरं देत होते. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणत होते.

आम्ही पोचलो तेव्हा क्रांती गुडघ्यावर बसून रिंगांमधलं अंतर मोजत होती आणि भावजी तिच्यासाठी दिवा धरून होते. हवालदारांनी कुणाला नमस्कार केला नाही. सरळ खांबापाशी जाऊन उकिडवे बसले. जुन्या सळईला हात लावला. जुन्या रिंगांमधल्या मोकळ्या जागेत पंजा घातला, तो सहज आत गेला. नवीन रिंगांमध्ये घालून बघितला, तो गेला नाही. पुन्हा जुन्यात घातला.

कुणी त्यांना काही सांगितलं नाही. क्रांतीनं मोजणं थांबवलं नाही.

बसल्या जागेवरून त्यांनी मान वर केली. क्रांतीला नाही, भावजींना नाही, मला विचारलं.

"मॅडम, आमच्यात बी असंच आसंल?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही. उघडून बघावं लागेल."